रेघ सोडून बाकी सगळं

८ जून २०२५, रविवार

मोबाईलमधली डायरी बंद पडली. म्हणजे डायरी आहे आत, पण उघडायला गेलं की दरमहा वर्गणी भरा म्हणते. माझंच लिहिलेलं, मलाच वाचायला वर्गणी! काय पण जमाना. म्हणून ही वही आणली. हिला पासवर्ड नाही, अपडेट नाही, आणि अटी-शर्ती मान्य आहेत का, असं ती पानागणिक विचारत नाही.

तर पहिल्यापासून. मी सुजित. श्रीवर्धनला आमचं फ्लेक्सचं आणि डीटीपीचं दुकान, दुकानामागेच घर. त्याआधी न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात होतो. तिथे एकदा सॉफ्टवेअरचं लायसन संपलं आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. माल गोदामात, ट्रक दारात, ड्रायव्हर शिव्या घालतायत, आणि स्क्रीनवर नुसती एक पिवळी पट्टी. त्या दिवशी मी ठरवलं, जे आपलं नाही त्याच्यावर धंदा उभा करायचा नाही. दुकानातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र क्रॅक मारलेलं आहे. पण ते वेगळं. ते सगळेच वापरतात.

१० जून

प्रणाली आली. माझी मुलगी, पुण्याला डिझाइन शिकते, शेवटचं वर्ष. जुलैअखेर तिला एक प्रोजेक्ट द्यायचाय, आणि तिने निवडलंय काय, तर आजोबांची अक्षरं! त्यांचा फॉन्ट करायचा म्हणते.

मला तर आवडलं बुवा. आमचे बाबा म्हणजे भागोजी पेंटर. इथपासून दिवेआगरपर्यंत निम्म्या बोटींची नावं आणि दुकानांच्या पाट्या त्यांच्या. आता हात थरथरतो, त्यामुळे ब्रश सुटला. माझं फ्लेक्सचं मशीन आलं आणि त्यांचा ब्रश सुटला, असं काही लोक बोलतात. बोलू देत. लोकांना दुसरं काम काय?

रात्री जेवताना प्रणालीने सगळं समजावून सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हंजे कोनीबी टाईप केला की माझा अक्षर उमटनार?"

"हो आजोबा. जगात कुठेही."

"आनी पैशे?"

"पैसे नाहीत. मुक्त परवाना. कोणीही वापरा, बदला, पुढे द्या. कोणाला विचारायची गरजच नाही."

आई चुलीजवळून म्हणाली, "मुक्त म्हंजे फुकटच ना?"

प्रणालीने हात धुतले आणि भाषणाला उभी राहिली. फुकट म्हणजे पैसे नाहीत, मुक्त म्हणजे अडवणूक नाही, दोन्हींत फार मोठा फरक आहे, जगात त्यावर केवढ्या चर्चा झाल्यात. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करनाऱ्याला दोनी सारकाच."

तांत्रिक गोष्टी आईशी बोलण्यात अर्थ नाही. तिला अजून मिस्ड कॉल आणि मेसेज यातला फरक कळत नाही.

१४ जून

जीवना बंदरावर गेलो होतो, मी आणि प्रणाली. मासेमारी बंद आहे, त्यामुळे बोटी वर ओढून ठेवल्यात. फोटो काढायला याच्यासारखी वेळ नाही. प्रणालीने एकेक नाव टिपलं. बाबांचा 'ध' काय सुंदर आहे! पोट पुढे काढून उभा, एखाद्या खात्यापित्या घरचा माणूस जसा.

बाळाजी 'धनलक्ष्मी'च्या सावलीत जाळं विणत बसला होता. बोट त्याची. म्हणाला, "नाव भागोजीदादानी काढला, रेघ आवडावयनीनी वढली. हितून चालायला लागायची ती पार त्या टोकापर्यंत, ब्रश उचलायचीच न्हाय. आमी श्वास धरून बगायचो."

आवडा म्हणजे आमची आई. बाळाजीला जुन्या गोष्टी सांगायला कोणी भेटलं की झालं. आम्हाला उशीर होत होता, म्हणून निघालो.

१७ जून

समाजाबद्दल एक गोष्ट सुचली ती लिहून ठेवतो. आपल्याकडे वाडीत पडलेली सुपारी कोणी न विचारता उचलली तर गावभर बोंब होते. दोन दोन वर्षं बोलणं बंद होतं. पण तेच लोक सिनेमा, गाणी, सॉफ्टवेअर न विचारता घेतात आणि वर चारजणांना देतात, तेव्हा कोणाला काही वाटत नाही. कारण काय? सुपारी उचलली की जागा रिकामी दिसते. सॉफ्टवेअर उचललं तरी ते होतं तिथेच असतं. जे घेतल्यावर कमी होत नाही, ते कोणीतरी केलंय हेच आपण विसरतो.

चांगलं लिहिलंय. कुठेतरी छापायला हवं.

२१ जून, शनिवार

प्रणालीचं काम जोरात. आज तिने संगणकावर 'धनलक्ष्मी' टाईप करून दाखवलं. बाबा खुर्ची ओढून पुढे बसले, आई मागे उभी, पदराला हात पुसत.

प्रणाली म्हणाली, "एक गंमत सांगते. आजोबांची शिरोरेषा, ही अक्षरांवरची रेघ, सगळ्या बोटींवर मधे जराशी वर चढलेली आहे. हात वर गेला असेल. मी ती सगळीकडे सरळ करून टाकली. आता कशी स्वच्छ दिसते बघा!"

बाबा खोकले. आई आत निघून गेली. तिचा गुडघा हल्ली फार दुखतो, उभं राहवत नाही.

२४ जून

आई बोलत नाही. विचारलं की "हां" आणि "न्हाय". बीपी तपासून आणायला पाहिजे.

२५ जून

बीपी ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, घरात काही झालंय का? मी म्हटलं, आमच्या घरात काय होणार?

बायको म्हणाली, "त्यांना विचारून तरी बघा." मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलं की. तिने कपाळाला हात लावला. ह्या बायकांचं काही कळत नाही.

२९ जून, रविवार

आज परवान्याचा मजकूर वाचला. इंग्रजी आहे, पण मला न्हावा शेव्यामुळे असले कागद वाचायची सवय. एकूण भाव असा की हे घ्या, वापरा, बदला, वाटा, फक्त आमचं नाव काढू नका आणि काही बिघडलं तर आमच्या नावाने ओरडू नका. मला पटलं. गावातले सगळे व्यवहार असे असते तर अर्धी भांडणं मिटली असती.

सगळ्यात वर एक ओळ असते, हक्क कोणाचे ते लिहायची. प्रणालीने लिहिलं, भागोजी पेंटर. मग त्याचा कागद काढून बाबांना दिला, की आजोबा, तुमची संमती म्हणून सही करा.

बाबांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "राहूदे. बगू मागाहून."

हा माणूस एसटीच्या कंडक्टरला सांगतो, की ती डेपोतली पाटी माझी. आणि आता जगभर नाव जातंय तर म्हणे मागाहून! मी जरा चढ्या आवाजात बोललो. हातामुळे लाज वाटत असेल तर अंगठा द्या म्हटलं. तसे उठून बाहेर ओटीवर जाऊन बसले.

प्रणाली रडवेली झाली. तिला तारखेची भीती. मी म्हटलं, घाबरू नकोस, म्हातारी माणसं कागदाला भितात.

५ जुलै, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

प्रणालीने 'धनलक्ष्मी'चा मोठा प्रिंट काढला आणि भिंतीला लावला. आम्ही सगळे बघत राहिलो. अक्षरं तीच, तो पोट पुढे काढलेला 'ध' सुद्धा तोच, पण काहीतरी चुकलं होतं. बाबा हळूच म्हणाले, "मेलेली दिसतेत."

मी म्हटलं, प्रिंटरचा शाईचा प्रॉब्लेम असेल.

आई कुर्डूची भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शाय कशाला बगतोस? रेघ मारलीत तुमी. बोट काय पाट हाय का सरळ असायला? पोट असता तिला. पोटावर सरळ रेघ वढली की लांबून खाली आलेली दिसते. म्हनून मदी जरा वर घ्यायची. ती चूक न्हाय. ती मी घ्यायची."

"आजी, रेघ तू काढायचीस?" प्रणालीने विचारलं.

"मग काय तुझ्या आजोबानी? त्येचा अक्षर चांगला. पन रेघेला आला की दम सुटायचा. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून सगल्या रेघा माज्या. बोटींच्या, दुकानांच्या, साळेच्या. डेपोची पन."

बाबा वर पत्र्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "अगं पण मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कोनी इचारला?"

प्रणाली लगेच तिच्या शेजारी जाऊन बसली. चुकलं म्हणाली. रेघ परत वर घेते, तुझंही नाव घालते, आजोबांच्या जोडीने. झालं, मी म्हटलं, प्रश्न सुटला. चहा टाका असं मी सांगायला आणि आई बोलायला एकच गाठ पडली.

"नाव घाल न्हायतर नको घालू. पन माजी रेघ फुकट द्यायची न्हाय."

"आजी, फुकट नाही, मुक्त..."

"तेच ते. कोनीबी घ्या, इचारू नका. तसा तर आजपर्यंत चाललाच हाय की! भागोजीला पाटी सांगायची, चा भागोजीला, शाबासकी भागोजीला. आवडा येनारच मागून, रेघ वढनारच. मला कदी कोनी म्हनला न्हाय, की बाय, वढशील का. तापात वढली, पोटुशी असताना वढली. आता जगानीबी तशीच घ्यायची? न्हाय इचारता? तेवडी एक गोष्ट माजी हाय, ती राहूदे माज्याकडे."

तिचा आवाज चढला नव्हता. भाजी निवडणंही थांबलं नव्हतं. ते मला जास्त लागलं.

तरी मी म्हटलं, "आई, रेघ ती रेघ. तिच्यावर कोणाचा हक्क असतो का?"

"मग तू वढ," ती म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली.

मी ओढली नाही. दुकान उघडायची वेळ झाली होती.

८ जुलै

तीन वेळा लिहायला बसलो आणि उठलो. माझं म्हणणं एवढंच, की आईचं दुःख खरं, पण त्यासाठी पोरीचा प्रोजेक्ट अडवायचा का? घरातल्या घरात कसला हिशेब? आम्ही काय परके?

हे मी नीराला बोलून दाखवलं. (बायकोचं नाव नीरा. इथे लिहिलं नव्हतं वाटतं.) ती दुकानाची बिलं करत होती. म्हणाली, "परक्यांनी निदान एकदा तरी विचारलं असतं."

मग म्हणाली, ह्या महिन्याच्या बिलांवर तुम्हीच नजर टाका, माझे डोळे दुखतात. बिलं तीच करते म्हणा, पहिल्यापासून.

१२ जुलै, शनिवार

संध्याकाळी बाबा मुद्दाम शर्ट घालून आत आले. घरात ते बनियनवर असतात, म्हणून आम्ही बघतच राहिलो. आईसमोर खाली बसले. त्यांना खाली बसायला किती त्रास होतो ते आम्हाला माहीत आहे.

म्हणाले, "आवडा, लोक म्हनायचे, भागोजीची रेघ बगा. मी म्हनायचो, व्हय. मला म्हनायला पायजे व्हता, की ती माजी न्हाय."

बाबांच्या शर्टाचं वरचं बटण भलत्याच काजात गेलं होतं, ते आईने काढून सरळ लावलं.

"पोरीचा काम हाय," बाबा म्हणाले. "म्हनून इचारतो. देशील रेघ?"

"पोरीला दिली," आई म्हणाली. "ती तिच्या साळंत दाखवूदे, मास्तरांना दाखवूदे. जगाला न्हाय. जगातल्या ज्याला पायजेल त्यानी मला इचारावा. मग मी बगीन, द्यायची का न्हाय ते."

प्रणालीने डोकं धरलं. कारण तिच्या परवान्यात विचारायची अट चालतच नाही. अट घातली की ते मुक्त राहत नाही. म्हणजे आई आता त्या वर्गणीवाल्या डायरीच्या पार्टीत गेली! मी हे बोललो, पण कोणी हसलं नाही.

बाबा म्हणाले, "माज्या अक्षरांचा मी सांगतो. ती सोड जगात. खुशाल वापरूदे. रेघेचा ती सांगल."

प्रणाली एकदम म्हणाली, "रेघ सोडून बाकी सगळं द्यायचं? तसं केलं तर?"

२० जुलै, रविवार

झालं! आज दुपारी फॉन्ट जगात गेला. बिनरेघेचा.

मला वाटलं होतं, डोकं उडवल्यासारखं दिसेल. तसं नाही दिसत. अक्षरं आपापल्या पायांवर उभी आहेत, नुसती हात सुटे झाल्यासारखी. वाचता येतात चांगली. कॉलेजला द्यायच्या फायलीत मात्र रेघ आहे, तिथे मधे जराशी वर चढते ती. तो प्रिंट भिंतीवर लावला आणि बाबा म्हणाले, "आता हालली." बोट हलली म्हणायचं होतं त्यांना.

परवान्याबरोबर एक वेगळी चिठ्ठी जोडायची, तिचा मराठी मजकूर मी लिहिला. कागदपत्रांची सवय मलाच. चार वेळा खोडला, शेवटी हा ठेवला:

"या फॉन्टमधली अक्षरं भागोजी पेंटर यांची आहेत. ती सर्वांना मुक्त आहेत. अक्षरांवरची रेघ आवडाबाईंची आहे. ती यात नाही. हवी असेल त्यांनी श्रीवर्धनच्या दुकानात फोन करून त्यांना विचारावं."

खाली दुकानाचा नंबर. बाबांनी आज कागदावर सही केली. थरथरत, पण केली. आईला चिठ्ठी वाचून दाखवली. म्हणाली, "'त्यांना' कशाला? 'तिला' चालला असता." पण मी 'त्यांना'च ठेवलं.

२७ जुलै

प्रणाली पुण्याला गेली. प्रोजेक्टचं चांगलं झालं. मास्तर लोकांनी म्हणे आजीबद्दलच जास्त विचारलं.

इंटरनेटवर दोन-चारशे लोकांनी फॉन्ट उतरवून घेतला. एकाने लिहिलं, शिरोरेषा टाकायला विसरलात का? दुसऱ्याने भलामोठा लेख लिहिला, की शिरोरेषेला नकार म्हणजे परंपरेच्या ओझ्यातून अक्षराची मुक्ती. मी आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "ह्यो मानूस जेवलाय का?"

चिठ्ठी कोणी वाचलेली दिसत नाही. फोन एकही नाही. मला वाईट वाटतंय. मुख्य म्हणजे आईला वाटू नये म्हणून. ती विचारत नाही काही, पण हल्ली दुकानाची रिंग वाजली की आतली भांडी वाजायची थांबतात. उद्या प्रणालीला सांगून चिठ्ठी जरा ठळक करून घेतो.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. फोन आला, "आवडाबाई आहेत का?"

दुकानाच्या फोनवर आईला कधी कोणाचा फोन आलेला नाही. मी आपला विचारतो, "कोणत्या आवडाबाई?" मग ट्यूब पेटली आणि धावत आत गेलो. स्पीकर लावून दिला.

दिवेआगरचा परेश म्हणून कोणी. वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, दारावर लाकडी पाटी लावायचीय, 'माहेर' नाव. अक्षरं फॉन्टमधून घेतली, मग चिठ्ठी वाचली. फार नीट बोलत होता. म्हणाला, "आजी, रेघ तुमची हवी. तुम्ही द्याल का, हे विचारायला फोन केला."

आई ताठ बसली. पाटी किती लांब, फणसाची का सागाची, तोंड कुठल्या अंगाला, खारा वारा लागतो का, सगळं विचारलं. तो एकेक सांगत गेला. बाबा दारात येऊन उभे राहिले. नीरा हातातलं काम टाकून आली. मला घाम फुटला होता. का ते विचारू नका.

सगळं ऐकून घेतल्यावर आई म्हणाली, "न्हाय. न्हाय जमनार."

आणि फोन माझ्या हातात दिला. तो बिचारा, बरं आजी, त्रास दिला, म्हणून ठेवूनही मोकळा झाला.

मी उखडलोच. "अगं आई! एवढं चांगलं विचारत होता! ह्यासाठीच ना सगळा आटापिटा केला? मग नाही का म्हणालीस?"

आई हातांकडे बघत होती. मग हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"इतक्या वर्सांत कोनी इचारलाच न्हाय," ती म्हणाली, "तर न्हाय कुटं म्हननार? आज इचारला. म्हनून 'न्हाय' म्हनून बगितला." पदराने डोळे पुसले. "बरा वाटला."

मग उठली, गुडघ्यावर हात ठेवून.

"बगतोस काय माज्याकडे? लाव त्याला परत. सांग, शनवारी येते म्हनावा."

मी लावला.